शिल्लक जागा

१

"तुम्ही माझी बायको पुसून टाकलीत!"

सकाळी मी दुकानाचं शटर अर्धंच वर सरकवलं होतं. त्याखालून वाकून एक गृहस्थ आत आले आणि पाठ सरळ करायच्या आधीच हे बोलले. माझ्या हातात झाडू होता. आमच्या धंद्यात लोक काय वाट्टेल ते बोलतात. नवरा काळा दिसतो म्हणतात, सासू जास्त वेळ दिसते म्हणतात. पण कुणाची बायको पुसल्याचा आळ माझ्यावर पहिल्यांदाच येत होता.

माझं दुकान जुन्या कॅसेटींचं. माळ्यावर पडून बुरशी धरलेल्या व्हिडिओ कॅसेटी लोक आणून देतात, मी त्या साफ करून कॉम्प्युटरवर घेते आणि डिस्कवर लिहून परत करते. लिहायचं सॉफ्टवेअर फुकटात मिळतं, हे मी कुणापासून लपवत नाही. चिकाटी मात्र फुकटात मिळत नाही, ती माझी. दिवसभर दुकानात माणसांची गर्दी असते, पण सगळी पडद्यावर. हसतात, नाचतात, केक कापतात, आणि मी आवाज बंद करून बघत बसते. दुसऱ्याच्या घरातलं ऐकायचं नाही, हा माझा नियम आहे. सुरुवातीला आवाज नीट येतोय एवढं तपासायचं आणि बटण खाली.

गृहस्थांना मी ओळखलं. रिटायर्ड ड्राफ्ट्समन, सगळा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. भाजीची पिशवीसुद्धा डोळ्यांनी मापून घेतात म्हणून गल्लीत त्यांना 'मोजपट्टी' म्हणतात. वर्षभरापूर्वी ते एक मरायला टेकलेली डिस्क घेऊन आले होते. गेलेल्या बायकोचं एकमेव चित्रण. कॅसेट केव्हाच कुजली होती आणि घरी केलेल्या बाकीच्या कॉप्या एकेक करून दगावल्या होत्या. मी त्यातून सगळं सोडवून नवी डिस्क करून दिली होती. दोन घ्या, म्हणून मी कानीकपाळी ओरडले होते. "दोन कशाला? आणि तुमच्या मशिनीतलं पुसून टाका, आमच्या घरातलं आमच्या घरात," असं ते म्हणाले होते. मी पुसलंही होतं.

"काय झालं ते नीट सांगा," मी झाडू ठेवत म्हटलं.

"रोज संध्याकाळी लावतो. वर्षभर चालली. डोळ्याचं ऑपरेशन करून घरी आलो, पट्टी निघाली, पहिलं काम म्हणजे तिला लावलं. टीव्हीवर काय? 'डिस्क नाही'! पुन्हा लावली, पुसून लावली. 'डिस्क नाही'. कोरी! तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, कळतंय का तुम्हाला? कुठेच नाही!"

शेवटचं वाक्य ओरडून बोलायला गेले आणि आवाज मध्येच फाटला. मी स्टूल पुढे केलं, पण ते बसले नाहीत.

"आधी अडकत होती का? चौकोन चौकोन दिसणं, आवाज तुटणं?"

"छे. आदल्या संध्याकाळपर्यंत एकदम स्वच्छ."

डिस्क माणसासारखीच मरते, खोकत, धापा टाकत, हळूहळू. आज ठणठणीत आणि उद्या कोरी, असं कधी होत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "मी तुमची बायको पुसली नाही. कुणीतरी तुमची डिस्क बदलली आहे."

२

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सगळं जागच्या जागी. सुतळीचे तुकडे गुंडाळून बरणीत, वापरलेली ब्लेडं डबीत, जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून रचलेल्या. या माणसाने आयुष्यात काही टाकून दिलं असेल असं वाटेना. खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्या पाठीवर बायकी शाल. टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर शिवलेलं कापडी आवरण.

"हा चालतो?"

"बंद पडलाय. तेव्हाच तर तुमच्याकडे आलो. आता टीव्हीच्या प्लेअरवरच बघतो." आवरणाची सुरकुती त्यांनी हाताने सारखी केली. "यावरच शिकलो मी डिस्क लिहायला. फुकटचं सॉफ्टवेअर, पण काय काम करायचं! दर वर्षी नवी कॉपी. फक्त ती खालची खूण मी कधी केली नाही."

"कुठली खूण?"

"'लिहून झाल्यावर डिस्क बंद करा.' का बंद करायची? जागा शिल्लक असते ना! उद्या आणखी काही घालावंसं वाटलं तर?"

मी कपाळाला हात लावला. डिस्क बंद केली नाही तर ती कॉम्प्युटरवर दिसते, पण टीव्हीच्या प्लेअरला तिच्यात काहीच सापडत नाही. मी हे त्यांना गेल्या वर्षी समजावलं होतं आणि माझी डिस्क बंद करून दिली होती. पण काटकसर अशी जात नाही.

रोज संध्याकाळी बघून झालं की डिस्क पाकिटात आणि पाकीट पत्र्याच्या डब्यात. डबा मी उघडून पाहिला. पाकीट माझंच होतं, दुकानाच्या शिक्क्याचं, आणि आत काही नव्हतं.

"कोरी निघाली ती डिस्क कुठे आहे?"

"काढून टाकली डोळ्यांपुढून."

"तिच्या मधल्या भोकाभोवती, त्या पारदर्शक कड्यावर, मार्करने माझी खूण होती का? डिस्कच्या पाठीवर मी लिहीत नाही, शाई आत उतरते."

"खूण... नाही दिसली. नवी कोरी, चकचकीत दिसत होती. पण मला वाटलं, ऑपरेशनमुळे. आता सगळंच नवं दिसतंय. भिंतीला भेगा आहेत, हेसुद्धा आत्ताच कळलं."

तेवढ्यात बाल्कनीतून एक तिरीप थेट माझ्या डोळ्यांत आली. कबुतरांना घाबरवायला त्यांनी दांडीला दोऱ्यांनी बिघडलेल्या डिस्का टांगून ठेवल्या होत्या, त्या वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. मी खुर्ची सरकवली.

"किल्ली कोणाकडे असते?"

"स्वयंपाकाच्या मावशींकडे. ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये, घर त्यांच्यावर. त्यांनीच केलं असणार. उद्या आल्या की हिशोब मिटवून घरी पाठवतो!"

"थांबा हो. आणखी कोणाला ती डिस्क हवी होती?"

"मेव्हण्याला. बहिणीची कॉपी द्या म्हणून वर्षभर डोकं खातोय. नाही दिली. आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. भिंतीतून आवाज येतो म्हणून तक्रार करतात. बास, तीन माणसं."

"घरचं दुसरं कोणी?"

"कोणी नाही," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले.

३

मेव्हण्याचं रंगाचं दुकान. मी गेले तेव्हा तो एका गिऱ्हाइकासाठी डब्यात निळा कालवत होता. माझं बोलणं ऐकून त्याने काठी डब्यातच सोडली.

"गेली? ताईची डिस्क गेली?"

"तुम्हाला हवी होती ना?"

"हवी होती म्हणजे? बहीण होती माझी! काय मागितलं मी, दागिने? एक कॉपी मागितली. म्हणतात कसे, 'माझ्या घरी येऊन बघ.' जाऊन बसलो दोनदा शेजारी. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, नुसते पडद्याकडे. तिसऱ्यांदा गेलोच नाही."

"ऑपरेशनच्या दिवशी कुठे होता?"

"त्यांच्यापाशीच! नेलं मी, बाकावर बसलो मी, संध्याकाळी घरी सोडलं मी. नर्सला विचारा. त्या माणसाचं दुसरं आहे कोण न्यायला आणायला?" त्याने पुन्हा काठी हातात घेतली. रंग एकजीव झालेला होता, तरी ढवळत राहिला. "म्हणजे, आहे कोण असं नाही. पण ते आमच्या घरात बोलायचं नाही म्हणून ठरलंय."

"काय बोलायचं नाही?"

"तुम्हीच केलीत ना ती डिस्क? मग मला काय विचारता? त्यात ताईशिवाय आणखी कोण आहे, ऐकलं नाहीत?"

चित्र मला आठवत होतं. खिडकीशी बसून एक बाई पडद्याला दुमड घालतेय, अधूनमधून मान वर करून काहीतरी बोलतेय. पण आवाज? आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

४

दातांच्या डॉक्टरांकडे पेशंट नव्हता. आपल्याच खुर्चीत, जिच्यात पेशंटला आडवं करतात, तिच्यात ते पेपर वाचत पडले होते. मी शेजाऱ्यांचं नाव काढताच उठून बसले.

"आहेत ना ते बरे? चार दिवस झाले, आवाज नाही."

"तुम्ही तर तक्रार करत होता."

"करत होतो." ते ओशाळले. "वर्षभर रोज संध्याकाळी तीच बाई. 'अहो, किती ते मशीन! माझ्याकडे बघा, मशिनीत काय बघताय?' पाठ झालंय मला. पहिल्यांदा वैताग आला, मग सवय झाली. बायको सोडून गेल्यापासून माझ्या घरात बाईचा आवाज तेवढाच. आता तोही बंद. संध्याकाळी घर खायला उठतं हो."

त्यांचं मला एकदम पटलं. माझं घरही खायला उठतं, फक्त मी ते कुणाला सांगत नाही.

"पाठ आहे म्हणता, तर शेवटपर्यंत सांगा."

डॉक्टर डोळे मिटून बोलू लागले, अगदी त्या बाईच्या चालीत. दोरा संपला, सुई बोचली, उजेड गेला. "आणि सगळ्यात शेवटी एक लहान मुलगी बोलते. मला काय, भिंतीतून नुसता आवाज. 'बाबा, आता माझा नंबर!' आणि हे म्हणतात, 'थांब, नंतर. अजून जागा शिल्लक आहे.' की संपतं. रोज तिथेच संपतं."

घरचं दुसरं कोणी नाही, असं पटकन बोललेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला.

"डॉक्टर, हे शेवटचं कधी ऐकलंत?"

"तेच तर सांगायचंय. ज्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये होते, त्याच दुपारी. घरात कोणी नसताना." त्यांनी आवाज खाली आणला. "बारीक आवाजात, पण तेच सगळं. मुलीच्या 'माझा नंबर'पर्यंत. मला वाटलं, आता नेहमीसारखं संपेल. पण नाही संपलं. पुढे आणखी एक बाई बोलायला लागली. वेगळीच. या घरात कधी न ऐकलेली."

५

मावशींना मी त्यांच्या दारातच गाठलं. मला पाहून त्यांनी आधी पदर नीट केला आणि मग रडायला सुरुवात केली, म्हणजे माझं निम्मं काम झालं.

"ते म्हणतात, तुम्ही डिस्क चोरली."

"मी कशाला चोरू, बाई? मला ते यंत्र लावतासुद्धा येत नाही."

"मग त्या दुपारी घरात कोण आलं होतं?"

"शपथ घातलीय मला."

"मावशी, उद्या तुमचं काम जाणार आहे. आणि त्या माणसाची बायको दुसऱ्यांदा गेलीय. शपथ कोणाची, मुलीची?"

त्या खालीच बसल्या.

"तुम्हाला कसं कळलं? मुलगीच आली होती. किती वर्षांनी! आई गेली तेव्हा भर माणसांत म्हणाली, 'बाबा, तुम्ही आईकडे कधी बघितलंच नाहीत, मशिनीतून बघितलंत.' हे म्हणाले, चालती हो. ती चालती झाली. दोघंही एकाच मापाची, वाकायचं कुणीच नाही. त्या दिवशी आली ती ते नाहीत बघून. म्हणाली, मावशी, बाबा आईला अजून रोज बघतात? म्हटलं, रोज, एक दिवस चुकत नाही. तर रडली. मग ते पुस्तकासारखं मिटणारं कॉम्प्युटर काढून खिडकीतल्या खुर्चीत बसली किती तरी वेळ. आईची शाल घेतली होती अंगावर. जाताना डबा होता तसा ठेवला. म्हणाली, 'मी आले होते हे तुम्ही सांगू नका. त्यांना आपोआप कळेल.'"

"आपोआप?"

"असंच म्हणाली. मग रोज फोन करते मला, 'बाबांनी आईला बघितलं का?' मी काय सांगणार? डिस्क बिघडलीय हे मला तरी कुठे ठाऊक, मी सकाळी जाते, ते संध्याकाळी बघतात. सांगितलं, हो, बघतात की रोजच्यासारखं. काल म्हणाली, 'बरं. मग कळलं मला.' आवाज कसातरीच झाला होता. लॉजवर उतरलीय, आज रात्रीच्या गाडीने परत जाणार."

"मावशी, चपला घाला. नंबर घ्या बरोबर."

"आता कुठे?"

"कबुतरं उडवायला," मी म्हटलं.

६

मोजपट्टींनी दार उघडलं. माझ्यामागे मावशींना पाहून त्यांच्या कपाळाची शीर फुगली. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"साहेब, तुम्ही आयुष्यात कधी काही टाकून दिलंय?"

"म्हणजे?"

"सुतळी टाकत नाही, ब्लेड टाकत नाही. मग डिस्क कशी टाकाल? 'डोळ्यांपुढून काढून टाकली' म्हणालात, केराच्या टोपलीत टाकली असं नाही म्हणालात. कुठे आहे ती?"

त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं. दुपारचं ऊन दांडीवर थेट उतरत होतं आणि त्यात दहा-बारा डिस्का मजेत फिरत होत्या. "कोरीच होती," ते म्हणाले. "निदान कबुतरांच्या तरी कामाला येईल म्हटलं."

मी एकेक पालथी करून पाहिली. जुन्यांचे तळ ओरखडलेले, फिकट. एकच चकचकीत होती, कड्यावर खूण नसलेली, कडेला कबुतराची शिट. तळ उजेडात तिरका धरला. कोऱ्या डिस्कचा तळ सगळा एकाच छटेचा असतो. हिच्यावर आतून बाहेर एक गडद पट्टा होता, त्याला लागून बारीक रेघ, आणि पुढे दुसरा, अरुंद पट्टा.

"ही कोरी नाही. हिच्यात दोनदा लिहिलंय. पहिल्यांदा मोठं, मग थोडं."

"मग टीव्हीवर का नाही लागली?"

"कारण ही बंद केलेली नाही. जागा शिल्लक ठेवलीय. असं डिस्क लिहायला या गावात कोण शिकवतं, साहेब? मी माझ्या गिऱ्हाइकांना शिकवत नाही. ती 'डिस्क बंद करा'ची खूण करायची नाही, असं तुम्ही कोणाला शिकवलं होतं?"

त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं.

"चोराला तुमच्या बायकोचं चित्रण हवं असतं तर तो घेऊन गेला असता. कोरी डिस्क ठेवून फसवायचं असतं तर खरंच कोरी ठेवली असती. तुमच्या मुलीने आईचं सगळं चित्रण नव्या डिस्कवर उतरवलं, त्याच्यापुढे आपलं काहीतरी जोडलं, लॉजवर जायच्या आधी लावून तपासलं, आणि तुमच्या पाकिटात ठेवलं. माझी डिस्क बंद होती, तिच्यात काही जोडता येत नव्हतं, म्हणून ती घेऊन गेली. तिच्या हिशोबात तुम्ही अजून त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बघता. आवरण घालून ठेवलाय, तो मेलाय हे तिला कसं कळणार? रोज आईनंतर आपला नंबर येईल, एवढंच तिला वाटलं. तिने चोरी केली नाही, साहेब. ती तुमच्याशी बोलायला आली होती. आणि तुम्ही तिला उन्हात टांगलंत."

"तिने सांगितलं का नाही तसं?" ते इतकं हळू बोलले की मावशींनी पुढे होऊन ऐकलं.

"तुम्ही दार उघडलं असतंत?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या, त्याही उलट्यासुलट्या.

दुकानात मी डिस्क धुतली, मधून कडेकडे पुसली आणि मशीनमध्ये सरकवली. ड्राइव्ह कण्हला. ऊन डिस्कचं फार वाईट करतं, आतलं लिहिलेलं फिकं पडत जातं. घरघर थांबली, पुन्हा सुरू झाली. मग पडद्यावर डिस्कची खिडकी उघडली. वर आईच्या चित्रणाचं फोल्डर, खाली एक फाइल. तिचं नाव होतं 'आता माझा नंबर'.

त्या दिवशी मी आवाज बंद केला नाही. बाई खिडकीशी बसली होती, मध्येच चौकोनांत विस्कटत होती, पुन्हा जुळत होती. "अहो, किती ते मशीन! माझ्याकडे बघा." मोजपट्टी हुंदके देत होते आणि हसत होते. शेवटी ती लहान मुलगी बोलली, आणि कॅमेऱ्यामागून तरुण आवाजात ते स्वतः म्हणाले, "थांब, नंतर."

मी दुसरी फाइल उघडली. तीच खिडकी, तीच खुर्ची. शाल पांघरलेली एक मध्यमवयीन बाई, कानामागे पांढरे केस. मोजपट्टी पडद्याच्या इतके जवळ गेले की मला त्यांची पाठच दिसू लागली.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात नंतर. मी पुष्कळ वाट बघितली, मग म्हटलं, जागा शिल्लक आहे तर आपणच घ्यावा नंबर. आईबद्दल मी बोलले ते चुकीचं नव्हतं, पण तेव्हा बोलायला नको होतं. तुम्हाला एकट्याला टाकून गेले, तेही नको होतं. मी या आठवड्यात इथेच आहे. तुम्ही हे बघितलंत ना, की एकच करा..."

चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, हात वर उचललेला, आणि गालावरून चौकोन पसरत गेले. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. "एकच करा..." आणि थांबलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरने लावलं, वेग कमी करून लावलं. "एकच करा..."

"काय करू म्हणतेय ती?" मोजपट्टी माझ्याकडे वळले. "काय करायचं मी?"

"ते उन्हाने खाल्लं, साहेब."

"तुमचं काहीतरी असेल ना, फुकटचं, असलं काढणारं? तुम्हाला येतं सगळं. काढा ना!"

"जे गेलं ते कशानेच निघत नाही." मावशींनी दिलेला नंबर मी लावला आणि फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. "ते तिलाच विचारावं लागेल."

फोन पुष्कळ वेळ वाजला. ठेवून देतील असं मला वाटलं. मग पलीकडून आवाज आला, मघाचाच, "हॅलो? कोण?"

ज्या माणसाने वर्षानुवर्षं एक शब्द पाठवला नव्हता, त्याने घसा खाकरला.

"मी बोलतोय. अगं, तुझी डिस्क अडकली. एकच करा म्हणालीस, पुढचं ऐकूच आलं नाही. काय करू ते सांग. तू म्हणशील ते करतो."

दुसऱ्याच्या घरातलं ऐकायचं नाही. मी मावशींना घेऊन बाहेर आले आणि पायरीवर बसले. मावशी डोळे पुसत होत्या. मी रस्त्याकडे बघत होते. माझ्याकडे कोणी असं काही ठेवून गेलं असतं तर मी ते कधी उघडून पाहिलं असतं का, कोण जाणे. माझ्या पाकिटात कोणी काही ठेवून जात नाही, म्हणून चिंता नाही.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. चष्मा काढून नवे डोळे शर्टाने पुसत होते, डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असताना.

"काय करायचं म्हणाली?"

"नुसती हाक मारा, म्हणाली. बाकी काही नको." त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "मारली. येतेय इकडेच. तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय, चालेल ना?"

"चालेल की. शेल्फवर कॅमेरा आहे माझा, चार्ज केलेला. काढू का? आता तिचा नंबर."

त्यांनी क्षणभर विचार केला, अगदी मापून, आणि मान हलवली.

"नको, बाई. या खेपेला नुसतं बघतो."

मी आत गेले, दुसरं स्टूल पुसलं, आणि त्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं.